वाकडी करंगळी

दोन गणपती माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, मूर्तींचा कारखाना चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "वकीलबाई, यातला आमचा कुठला, ओळखा बघू."

मला ओळखता येईना. म्हटलं, "काकू, गणपती कुणा एकाचा नसतो. कायदा कल्पनेला नाही, घडवलेल्या रूपाला जपतो. नक्कल विकणाऱ्या त्या माणसाने तुमच्याच मूर्तीवरून साचा काढला, हे दाखवायचं कसं?"

काकूंनी मूर्तीच्या आशीर्वादाच्या हातावर बोट ठेवलं. करंगळी जराशी बाहेर वाकलेली होती. दुसऱ्या मूर्तीचीही तशीच.

"आमच्या ह्यांची करंगळी लहानपणी मोडली होती. हात घडवताना स्वतःचाच हात बघायचे. ही त्यांची शेवटची मूर्ती."

मी खुर्चीतून उठलेच. मेल्याने वाकडेपणासकट उचललं होतं! "आता सापडला! ते गेले तरी हक्क तुमच्याकडे आलाय, काकू. साचे मोडायला लावू, मूर्ती जप्त करू. अजून काही हवंय त्याच्याकडून?"

काकू नकली मूर्तीच्या करंगळीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"एवढंच विचारा त्याला," त्या म्हणाल्या, "ह्यांचा हात किती घरांत पोचवलास?"