लेखी परवानगी

अकरा वाजून दहा मिनिटांनी ठराव क्रमांक चार पडद्यावरून गेला आणि तिथं निळा रंग आला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच होतं: अपडेट सुरू आहे, शून्य टक्के, कृपया संगणक बंद करू नका.

ठरावाची पहिली ओळ तेवढी वाचून झाली होती. 'मंडळाचे कामकाज आता संगणकावर होत असल्यामुळे कार्यालयीन सहायक हे पद' इथवर. पुढं 'रद्द' येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते पद म्हणजे कुसुमताई. त्या शेवटच्या रांगेत, चहाच्या थर्मासशेजारी, एकोणीस वर्षं बसत आल्या तशाच बसल्या होत्या.

"एक मिनिट हं," कार्यवाह हर्षद म्हणाला. पुण्याहून आलेला, हायटेक सिटीत मोठ्या कंपनीत नोकरीला. तिथं तो नोकरभरतीच्या खात्यात होता, पण नारायणगुड्याच्या या मराठी मंडळात आयटी म्हणजे आयटी. वेळेचा पक्का. कार्यक्रमपत्रिकेत त्यानं प्रत्येक ठरावापुढं मिनिटासकट वेळ लिहिली होती.

त्यानं दोन-चार बटणं दाबली. एक टक्का झाला.

"किती वेळ लागेल?" अध्यक्ष एकनाथरावांनी विचारलं.

"पाच मिनिटं."

पाच मिनिटांत चार टक्के झाले. दीड वर्षाचं साचलेलं होतं. मंडळाचा संगणक रोज नम्रपणे विचारायचा, अपडेट करू का? आणि हर्षद रोज 'नंतर'वर बोट ठेवायचा. दुसऱ्या कुणी 'हो' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. मॉनिटरच्या कपाळावर कागद चिकटवलेला होता: 'कुसुमताईंनी कार्यवाहांच्या लेखी परवानगीशिवाय संगणकाला हात लावू नये.' ठळक अक्षरांत, आल्यागेल्याला वाचता येईल असा.

"कागदावर असेल ना, तो वाचा," पहिल्या रांगेतून सभासद सुशीलाबाई म्हणाल्या.

"यंदाची सभा कागदमुक्त आहे."

"मग फोनवर बघा."

"मसुदा मंडळाच्या संगणकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे."

"कुणाचा?"

हर्षदनं घाम पुसला. "मी तोंडी सांगतो. साधाच ठराव आहे."

"तोंडी नक्को," एकनाथराव म्हणाले. त्यांनी खिशातून मंडळाच्या घटनेची पिवळी पुस्तिका काढली. पान शोधावं लागलं नाही. "मसुदा शब्दशः वाचल्याशिवाय ठराव मताला टाकता येत नाही. जरा ठैरा. होतंय की. नऊ टक्के झाले बघा."

कुसुमताईंनी उठून चहा दिला. हर्षदच्या कपात दीड चमचा साखर, त्याला लागते तशी.

पावणेबाराला एकतीस टक्के झाले आणि दारात केटररची माणसं उभी राहिली. बारा वाजता हॉल एका बारशाला दिला होता. "सार, टैम अयिपोयिंदि," त्यातला एक घड्याळ दाखवत तेलुगूत म्हणाला. सभेची वेळ संपली होती. त्याच्यामागून बगारा भाताचं पातेलं आत आलं, मग पाळणा.

"बंद करून चालू करा हो," कुणीतरी सुचवलं. हर्षदचा हात बटणाकडं गेला.

"करू नका." शेवटच्या रांगेतून आवाज आला. "बंद करू नका म्हणून लिहिलंय त्यावर. अर्ध्यात बंद केलात तर सगळंच जायचं."

हर्षद वळला. "कुसुमताई, तुम्ही हात लावला होतात का याला?"

"लावला की. शुक्रवारी."

पातेलं नेणारेही थांबले.

"कुणाला विचारून?"

कुसुमताईंनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, फाइलीतून एक कागद, आणि तो अध्यक्षांच्या हातात दिला. एकनाथरावांनी चष्मा लावला आणि शब्दशः वाचला. "'संगणक दीड वर्षापासून अपडेट मागत आहे. रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची वेळ लावून द्यावी काय? परवानगी असावी.' खाली सही आहे. हिरव्या शाईची."

हिरवं पेन हर्षदच्या खिशाला होतं. गुरुवारी त्यानं बावीस कागदांवर सह्या केल्या होत्या, उभ्या उभ्या, फोनवर बोलत.

"वाचूनच केली असणार," एकनाथराव कागद परत देत म्हणाले.

"अकरा दहाच का?" हर्षदनं हळू आवाजात विचारलं.

"त्या वेळी तुम्ही जवळ असणार होतात," कुसुमताई म्हणाल्या. "मला यातलं कळत नाही. तुमच्या देखरेखीखाली झालेलं बरं."

सुशीलाबाईंना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

बाराला अठ्ठावन्न टक्के होते. एकनाथरावांनी ठराव क्रमांक चार पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब केला आणि सगळ्यांना बारशाच्या शुभेच्छा देऊन ते जिना उतरले. ज्यांचं बारसं होतं त्यांना या सभेतलं कुणीच ओळखत नव्हतं. तरी एका बाईनं सगळ्यांच्या हातांवर पेढा ठेवला.

हर्षदला जाता येईना. बंद करायचं नाही म्हणजे कुणीतरी बसायला हवं, आणि देखरेख त्याची. पाळण्याला झेंडूच्या माळा चढल्या, बायका गाऊ लागल्या, आणि तो कोपऱ्यात एका खुर्चीवर टक्के मोजत राहिला.

एकला दहा कमी असताना शंभर झाले.

कुसुमताई पुढं आल्या. त्यांनी नोंदवही उघडून त्याच्यासमोर धरली. नोंद आधीच लिहिलेली होती, फक्त वेळ घातली.

"काम पूर्ण झालं," त्या म्हणाल्या. "इथं सही. नेहमीसारखी."

हर्षदनं हिरवं पेन काढलं. टोपण उघडलं. मग नोंद वरपासून खालपर्यंत वाचली. पान उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

त्यानं पान पुन्हा सरळ केलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागला.