दुष्काळात दिलेलं डोकं

"मान वर कर. अकरा वर्षं खाली घालून घालून ती वरही होते हेच विसरलास," एब्बा पुटपुटली आणि ओल्या फडक्याने नवऱ्याची मान घासू लागली. "हा मळ आहे, की बाईंचं अख्खं शेत उचलून आणलंस?"

उंबऱ्यावर बसल्या बसल्या हुनाने मान वर केली, जमेल तेवढी.

आज चौरस्त्यावर दासांची सुटका होती. थोरल्या घरच्या बाई, वुल्फवारू, हिवाळाभर अंथरुणावर होत्या. उठून बसता आलं तशी त्यांनी पाद्र्याला बोलावून सांगितलं की दुष्काळात अन्नाच्या बदल्यात दास म्हणून जी जी डोकी माझ्या हातात आली, ती सगळी सोडते. देवापुढे जाताना एवढं ओझं मला नको.

त्या दुष्काळात लोकांनी झाडांच्या साली उकळून खाल्ल्या होत्या. एब्बा तापाने बेशुद्ध होती. चार दिवसांनी तिने डोळे उघडले, तेव्हा हुना तिला जवाची पेज भरवत होता. जव कुठून आले हे तिने विचारलं नाही. त्या दिवसांत ते एकाच घरून येत. दुसऱ्या सकाळी हुना बाईंच्या नांगरामागे गेला आणि तिला कळायचं ते कळलं.

ती स्वतः स्वतंत्र शेतकऱ्याची लेक. हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच. बाईंसाठी लोकर विणायची, पण आपल्या घरात, आपल्या मागावर. बदल्यात थंडीत एक मेंढी यायची, उन्हाळ्याआधी पायलीभर घेवडा. ती म्हणायची, हाताला किंमत असली की घरपोच येतं सगळं.

दारात गोडा येऊन उभी राहिली. बाईंच्या गोठ्यात चीज करणारी. तिनेही त्याच वर्षी डोकं दिलं होतं.

"अजून घासतेयस? कातडं तरी राहू दे त्याचं."

"सुटलेला माणूस सुटल्यासारखा दिसायला नको? पण याला आहे का काही? ओकाखाली गावची सभा भरते, स्वतंत्र माणसं मांडी घालून बसतात, आणि हा दर खेपेला तिथं जातो. कशाला, तर म्हणे घोडे धरायला. मी असते तर तोंड दाखवलं नसतं."

गोडाने हुनाकडे पाहिलं. हुनाने फडक्याकडे.

"पुरे कर, एब्बा. अकरा वर्षं ऐकतेय. कान किटले माझे."

"किटू देत. माझ्या हिल्डाचं लग्न अडलंय. ते पाणचक्कीवाले काय म्हणाले, ठाऊक आहे ना? घरात दास असेल तर सोयरीक नाही. याच्या तोंडावर म्हणाले. आणि हा 'बरं' म्हणून परत आला. निदान 'माझी बायको तरी स्वतंत्र आहे' एवढं म्हणायचं. जीभ झडली असती?"

"नसेल म्हणता आलं," गोडा म्हणाली. "चला आता, उशीर होतोय."

वाटेत एब्बा चार पावलं पुढे आणि हुना मागे. "पाय उचल," ती म्हणायची, आणि तो उचलायचा.

चौरस्त्याच्या मधोमध बाईंसाठी बाक मांडला होता. पाद्री एकेक नाव वाचत होता. ज्याचं नाव येई तो गुडघे टेके, बाई त्याचं डोकं दोन्ही हातांत धरत, सोडून देत आणि म्हणत, "वाटा मोकळ्या आहेत. हवी ती धर." गोडाने उत्तरेची वाट धरली, वीस पावलं चालली, आणि परत आली. चीज पिळायचं राहिलं होतं.

नऊ नावं झाली. दहाव्याला पाद्री खोकला, आणि खोकतच राहिला.

एब्बाला वाटलं, नावं संपली. ती गर्दी सारून पुढे आली.

"बाईसाहेब, माझ्या नवऱ्याचं नाव राहिलं."

"राहिलं नाही," बाई म्हणाल्या.

"कसं नाही? अकरा वर्षं आपला नांगर धरला त्याने. दिवसभर आपल्या मुकादमाची बोलणी खाल्ली, संध्याकाळी माझी. कमी बोलले नाही मी, सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाईट नाही हो तो. नुसता मऊ आहे. माझ्या पोरीचं लग्न या एका डोक्यापायी अडलंय. सोडा त्याला."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पाद्री खोकायचा थांबला. पाणचक्कीवाल्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या.

बाईंनी कपाळ चोळलं. "हुना, कंटाळले बाबा मी. पेरणी झाली की सांगतो, कापणी झाली की सांगतो, म्हणत आलास. काल रात्री तर नक्की सांगणार होतास. तुझ्या त्या अटीपायी अकरा वर्षं सगळ्या गावाला गप्प ठेवलं. आता तू बोल, नाहीतर मी बोलते."

हुना पुढे आला. त्याने एब्बाचा हात धरला आणि तिला बाकासमोर आणलं.

"गुडघे टेक, एब्बा," तो म्हणाला. "नांगर मी आपणहून धरला, तुला कामाला कोणी हाक मारू नये म्हणून. बाईंना विणणारी हवी होती. तू शुद्धीवर नव्हतीस, आणि मी तुझं डोकं दिलं."