अण्णांचा ठोका

इस्पितळातून परतल्यावर उज्ज्वलाने आयुष्यात पहिल्यांदाच हातोडी उचलली. तांब्याच्या घंगाळावर तिचा ठोका असा एकसारखा पडू लागला, की शेजारचा तांबट डोकावून म्हणाला, “मला वाटलं, त्रिंबकअण्णाच पुन्हा कामाला बसले!”

तिचे वडील, अण्णा, ओट्यावर बसून नुसते ऐकत होते. हाताला कंप सुटल्यावर त्यांनीच हट्ट धरला होता, “माझी कला हिच्या मेंदूत घाला.” डॉक्टरांनी बजावलं होतं, “कला तिच्याकडे गेली की तुमच्याकडे उरणार नाही. तांब्याशी जडलेली प्रत्येक आठवण जाईल.” तरी ते मागे हटले नव्हते.

आता ते उठून आत आले. घंगाळावर उमटलेल्या खुणांच्या ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं.

“सुरेख आहे गं. कुणी शिकवलं तुला?”

उज्ज्वलाने हातोडी खाली ठेवली. “तुम्हीच, अण्णा.”

ते तिचा चेहरा निरखत राहिले. भिंतीवरच्या हातोड्यांकडे त्यांनी परक्यासारखं पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत तिच्यासमोर बसले.

“मग आता तू मला शिकव,” ते म्हणाले आणि त्यांनी थरथरता हात पुढे केला.