झाकलेल्या डॉक्टरीणबाई

हौसाक्कानं टीव्हीवर टाकलेला पांढरा कपडा दाखवला. "तुमी निवडणुकीला उभ्या ऱ्हायल्या, आन् सरकारनं तुमचंच तोंड झाकलं."

"उमेदवाराचा चेहरा घरोघरी दिसायचा नाही, असा नियम आहे, आक्का," प्रचाराला आलेल्या डॉक्टर नलिनी हत्तरकी म्हणाल्या.

"चेहरा ऱ्हाऊ दे. पर टीव्हीतली डाक्टरीण बोट टेकवलं की इन्सुलिन किती टोचायचं ते सांगायची. आज किती टोचू?"

बारा वर्षांपूर्वी नलिनीबाईंनी आपला चेहरा, आवाज आणि सगळी विद्या टीव्हीला दिली होती. तेव्हापासून पडद्यावरची ती तरुण नलिनीच रोगी तपासत होती. त्यांनी स्वतः कुणाची नाडी धरली नव्हती. टीव्ही झाकल्यापासून औषधाचा मेळ चुकून आक्काचे पाय सुजले होते. असे पाय या खोऱ्यातल्या किती घरांत असतील?

त्यांनी आक्काची साखर तपासली, जपून सुई टोचली. बाहेर कार्यकर्त्यांची हलगी वाजत होती. अर्ज मागे घ्यायची मुदत तीनला संपणार होती. त्यांनी हलगी थांबवली आणि गाडी निवडणूक कचेरीकडे वळवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडा निघाला. "हौसाक्का, बोट टेकव बघू," पडद्यावरची नलिनी म्हणाली.

"टेकवते गं. काल तुझी थोरली भैन आलती. टोचताना हात कापत हुता तिचा, पर लई मायेचा हुता."