बोलणाऱ्या मशीनची परीक्षा

"उंदराचा मेंदू म्हणे काचेच्या बशीत वाढवला," सोफेवाल्याने ओठांत धरलेले खिळे काढून बाजूला ठेवले, कारण इतका तुच्छतेचा मजकूर खिळ्यांसकट बोलता येत नाही. "आधी माझ्या दुकानातले उंदीर पकडून दाखवा म्हणावं."

समोरच्या दुकानातला चष्मेवाला रोजच्यासारखा पेपर घेऊन अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर बसला होता. त्याने विज्ञानाची बातमी वाचायची आणि सोफेवाल्याने ती सोलून काढायची, हा दोघांचा नेम. चंद्रावर पाणी सापडलं तेव्हा सोफेवाला म्हणाला होता, "आमच्या नळाला आलं की कळव." उडणारी मोटार निघाली तेव्हा, "खाली पार्किंग मिळालं नसेल."

"आता हे ऐक. माणसासारखं बोलणारं मशीन. फोन लावा, काहीही विचारा, उत्तर देतं. चिडत नाही, कंटाळत नाही, आणि आपण होऊन फोन कधीच ठेवत नाही."

"आत माणूस बसवलाय."

"कुठे आत?"

"जिथे कुठे आत असतं तिथे. अडाणी लोक जादूगाराला टाळ्या वाजवतात. शिकलेले लोक पेपरात छापतात, एवढाच फरक."

"ही बातमी माझ्या जावयाने लिहिलीय."

"मग तर माझी खात्रीच झाली."

चष्मेवाल्याने पेपराची घडी घातली. जावयापर्यंत गोष्ट गेली की तो घडी घालत असे. "उचलली जीभ लावलीस टाळ्याला. सिद्ध कर. आत माणूस निघाला तर उद्या पहिल्या पानावर छापायला लावतो, कंपनीचं शटर खाली. नाही निघाला, तर महिनाभर मी बातम्या वाचणार आणि तू गप्प ऐकायचं."

महिनाभर गप्प! त्यापेक्षा दाढ काढलेली बरी. पण नाक सोफेवाल्याचं होतं आणि ते आजवर कधी खाली आलं नव्हतं. "संध्याकाळी ये," तो म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे."

दुपारी तो जेवायला घरी गेला तेव्हा लेक कामावर निघायच्या आधी गरम पाण्याच्या गुळण्या करत होती.

"त्या एसीने घसा बसवला तुझा," तो म्हणाला. "आणि एवढं करून काम काय? डेटा. तो शिवतात की विकतात?"

लेक हसली. "पुढच्या महिन्यात पर्मनंट करतील, बाबा. तेवढा महिना नीट गेला पाहिजे."

त्याने पैजेची गोष्ट रंगवून सांगितली. मशीनला कसा घोळात घेणार, शेवटी आतला माणूस कसा रडत बाहेर येणार. लेकीने पेला खाली ठेवला.

"नका ना, बाबा. बिचाऱ्या मशीनला छळून काय मिळणार?"

"झालं! तू त्या कॉम्प्युटरवाल्यांचीच बाजू घेणार."

ती पर्स उचलून निघून गेली.

संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून दोघे बसले.

"नमस्कार. मी आपली मदतनीस. बोला." आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट होता.

"काय गं ए," सोफेवाल्याने सुरुवात केली, "माझ्या सोफ्यावर बसलं की टोचतं. स्प्रिंग बदलू का?"

"स्प्रिंग नको. काथ्या दबला असेल. आधी काथ्या भरा."

सोफेवाला सरळ बसला. स्प्रिंगा विकण्यासाठी बाकीचे कारागीर हे कधी सांगत नाहीत. सांगायचा तो एकटा.

"बघ!" चष्मेवाल्याने आनंदाने सोफ्यावर थाप मारली. धुळीचा लोट उठला. "याला म्हणतात विज्ञान!"

मग सोफेवाल्याने कंबर कसली. खोटा खोकला काढला, कुत्र्यासारखा भुंकला, एकच विनोद पुन्हापुन्हा सांगितला. मशीन म्हणत राहिलं, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" त्याने शिव्या दिल्या, अगदी ठेवणीतल्या. मशीन म्हणालं, "धन्यवाद. आणखी काही मदत करू?" त्याने गाणं म्हटलं. चष्मेवाल्याने कान झाकले, मशीनने नाही.

"हरलास," चष्मेवाला म्हणाला. तेवढ्यात समोर त्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं. "आलोच. लबाडी करू नकोस."

तो गेल्यावर सोफेवाल्याने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. आवाज खाली आणला.

"हे बघ, आत जी कोणी आहेस ती. फार झाली नाटकं. तुला फोन ठेवता येत नाही आणि मी ठेवणार नाही. रात्रभर असाच पिडीन. कधीतरी माणसासारखी बोलशीलच. मग उद्या पेपरात येईल, तुमची लबाडीची दुकानदारी उठेल, आणि तू निवांत घरी बस."

 पलीकडून एक श्वास ऐकू आला. लांब, थरथरता.

सोफेवाल्याचा चेहरा उजळला. यंत्र श्वास घेत नाही! जिंकलो! चष्मेवाल्याला हाक मारायला तो उठून उभा राहिला.

"बाबा," मशीन हळूच म्हणालं, "घरीच बसले होते हो दोन वर्षं."

चष्मेवाला रस्ता ओलांडून परत आला, तेव्हा सोफेवाला पाठमोरा उभा राहून फोन ठेवत होता. काच ठेवावी तसा, जपून.

"काय? झालं का कबूल?"

"मशीनच आहे," सोफेवाला म्हणाला. "माणसाने एवढं ऐकून घेतलं नसतं."