दोन बोटांची पट्टी

लॅमिनेशनच्या दुकानात कटरखालचा डबा रिकामा करताना तिच्या हाताला कागदाची एक पट्टी लागली. दोन बोटं रुंद, तपासणी केंद्राच्या निळ्या शिक्क्याचं अर्धं वर्तुळ असलेली. उरलेलं अर्धं समोरच्या भिंतीवर लटकत होतं, लॅमिनेट केलेलं.

तिचा नवरा हाती लागेल ते प्लास्टिकमध्ये घालायचा. दुकानाचा परवाना, विजेची बिलं, सासऱ्यांनी संतापून लिहिलेलं पत्रसुद्धा. एकदा मशीनमध्ये झुरळ शिरलं, ते चपटं होऊन बाहेर आलं आणि आतल्या आत चार दिवस मिशा हलवत होतं. खोटं वाटत असेल तर तिला विचारा, दिवस तिनंच मोजले होते. असा माणूस एचआयव्हीचा रिपोर्ट उघडा कसा ठेवील?

मशीनचे भाग आणायला तो परगावी गेला, नको ते करून आला आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन तिच्यापुढे रडला. "रिपोर्ट दाखवा, मग खोलीत या," ती म्हणाली होती. आठवडाभर तो दुकानातल्या बाकावर झोपला. काल रिपोर्ट आला. निगेटिव्ह. काल तो खोलीत आला.

"अहो, हे काय?"

"कुठे काय? हां, ते होय! मोठी पाकिटं संपली होती. बसेना, म्हणून खालचं उडवलं. सूचना असतात गं तिथं. कोण वाचतं त्या?"

ती वाचू लागली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मोठ्यानं.

"'संपर्काला दहाच दिवस झाले आहेत. इतक्या लवकर केलेल्या तपासणीत लागण दिसेलच असे नाही. तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करावी. तोपर्यंत निरोध वापरावा.'"

मशीन तापलं. लाल दिवा जाऊन हिरवा लागला.

"तपासणी केंद्रातल्या बाईंनी सांगितलं नव्हतं?"

"सांगत होत्या काहीतरी." तो कटरचं पातं पुसू लागला. ते स्वच्छच होतं. "पण निगेटिव्ह म्हटल्यावर मला पुढचं ऐकूच आलं नाही. अगं, नसेलही काही. कशाला अभद्र बोलतेस?"

"मी कुठे बोलतेय? वाचतेय."

तिनं पट्टी एका छोट्या पाकिटात सरळ बसवली आणि मशीनमध्ये सारली. पलीकडून ती गरम, ताठ होऊन आली. भिंतीवरच्या रिपोर्टाखाली तिनं ती चिकटपट्टीनं लावली. शिक्का पुरा झाला.

मग तिनं पर्स घेतली.

"कुठे निघालीस?"

"त्या बाईंकडे. तुम्हाला ऐकू आलं नाही, ते ऐकायला."

पायरी उतरून ती थांबली. मागे न बघता म्हणाली, "मोठी पाकिटं आणून ठेवा. आता दोघांना दोन लागतील."