भागाकार काढलेला दिवस

सकाळी विद्यापीठाच्या दवाखान्यात सुमेधाच्या डोक्यातून भागाकार तात्पुरता काढून घेण्यात आला. शिक्षकाच्या परवान्याआधीचा हा शेवटचा पाठ. तिच्यासारखीच शिक्षिका होऊ पाहणारी तिची वर्गमैत्रीण नर्गिस तिला संध्याकाळपर्यंत भागाकार शिकवणार होती. जमलं नाही तर नर्गिसचा परवाना वर्षभर लांबणार.

"अगं, इतकं सोपं आहे," नर्गिस चौथ्यांदा म्हणाली.

सुमेधाला काहीच कळलं नव्हतं. तिने मान डोलावली. "समजलं."

संध्याकाळी परीक्षक बापट मॅडमनी सुमेधाला विचारलं, "चौऱ्याऐंशी भागिले सात?" सुमेधाने सात वजा करून सत्त्याहत्तर सांगितले. नर्गिस नापास झाली.

भागाकार परत बसवताना तंत्रज्ञाने विचारलं, "आजच्या दिवसाची आठवण पुसून टाकू का?"

"नको," सुमेधा म्हणाली. "माझ्या वर्गातलं कुणी नुसतंच 'समजलं' म्हणालं, तर मला ते ओळखू यायला हवं."